पाय तिचा, हात माझा

माणसाला हेवा वाटायचाच तर शेजाऱ्याच्या बैलजोडीचा वाटावा, चुलतभावाच्या नोकरीचा वाटावा, कुणाच्या नव्या बंगल्याचा वाटावा. त्यात काही लाज नसते, चारचौघांत बोलून दाखवता येतं. मला हेवा वाटला तो माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या उजव्या पायाचा. आणि तो एखाद्या दिवशी पोटात दुखून गेला असंही नाही. लोणच्यासारखा चांगला मुरला. मंगलला हे आता माहीत आहे. तिच्या सुनेलाही माहीत आहे, कारण मंगलनंच तिला ते हसत हसत सांगितलंय. मी मात्र अजून त्यावर हसत नाही.

कळंबला ढोकीच्या रस्त्याला आमचं वेल्डिंगचं दुकान होतं आणि दुकानाच्या पाठीमागं, पत्र्याच्या एका आडभिंतीपलीकडं, घर. त्या पत्र्यातून सगळं इकडचं तिकडं ऐकू जायचं. ग्राइंडर सुरू झाला की माय बोलता बोलता थांबायची आणि तो बंद झाला की वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच पुढं उचलायची. भाकरी थापल्याचा आवाज दुकानात यायचा, त्यावरून आम्हाला जेवायला किती वेळ आहे ते कळायचं. येसरच्या आमटीला फोडणी बसली की तो वास जळलेल्या लोखंडाच्या वासात मिसळायचा, आणि मला आजही नुसत्या येसरच्या आमटीत काहीतरी कमी वाटतं. दुकान आणि घर यांच्या मधल्या बोळकांडीत, उजेड बरा यायचा म्हणून, मंगलचं पायानं चालवायचं शिलाई मशीन होतं. ती आजूबाजूच्या बायकांची पोलकी आणि शाळेचे गणवेश शिवायची. तिच्या मशीनचा आवाज दिवसभर चालू असायचा, इतका की त्याच्याकडं कुणाचंच लक्ष नसायचं.

आमचे वडील, अण्णा, थोड्या शब्दांचे. साखर कारखान्याच्या वाफेच्या पाईपांवर त्यांची हयात गेली होती. मी उस्मानाबादला आयटीआय करून आलो होतो (तेव्हा आम्ही उस्मानाबादच म्हणायचो), पण पाईप खरा शिकलो तो अण्णांच्या हाताखाली. पाईप भिंतीला जखडलेला असतो, तो काही तुमच्यासाठी वळत नाही. तुम्हीच त्याच्या भोवती फिरायचं. वरून सुरू करायचं, कुशीला यायचं, मग खाली उताणं पडून ठिणग्या गळ्यात झेलत उरलेला अर्धा सांधा पुरा करायचा. पाठीमागची बाजू दिसत नसेल तर छोटा आरसा अडकवून त्यात बघत हात चालवायचा, उजवं डावं उलटं धरून. हे मला जमायचं. गावात माझ्या वयाच्या दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं आणि ते मला चांगलं ठाऊक होतं. अण्णा मात्र सांध्यावरून बोट फिरवून नुसतं "हं" म्हणायचे. त्या "हं"च्या पुढं दोन शब्द यावेत एवढीच माझी त्या दिवसांतली इच्छा होती. लग्न, मोटारसायकल वगैरे सगळं त्याच्या नंतर.

मग दुधाचं काम आलं. भूमकडं एक नवीन डेअरी उभी राहत होती, दूध थंड करायची आणि खवा करायची, आणि तिथल्या सगळ्या दुधाच्या पाईपांचं काम अण्णांना मिळण्यासारखं होतं. वाफेचा पाईप आणि दुधाचा पाईप यांत जमीन-अस्मानाचा फरक. वाफेला सांधा फक्त धरून बसलेला लागतो. दुधाला तो आतून गुळगुळीत लागतो, कारण आत कुठं खड्डा किंवा खडबड राहिली की तिथं दूध अडतं, आंबतं आणि दुसऱ्या दिवशीचं सगळं दूध नासवतं. पाईप स्टेनलेसचे, पातळ, काम आर्गन वायूचं. एका हातात ठिणगी पाडायचा टॉर्च, दुसऱ्या हातात भरायची बारीक तार, आणि पाईपच्या आतही आर्गन भरून ठेवायचा, नाहीतर सांधा आतून दूध करपलेल्या पातेल्यासारखा काळा होतो. डेअरीच्या मॅनेजर साहेबांनी सांगितलं होतं, आधी नमुन्याचे सांधे करून दाखवा, पसंत पडले तर काम तुमचं.

अण्णांना तोवर जवळचं नीट दिसेनासं झालं होतं. त्यामुळं हे काम माझंच, याबद्दल घरात कुणाला शंका नव्हती. अण्णांनी लातूरच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातून पोझिशनर आणला. टेम्पोतून उतरवताना गल्लीतली माणसं हात लावायला आली. दिसायला काही नाही: एका लोखंडी बुडख्यावर उभी केलेली गोल तबकडी, तिला पाईप धरायचे तीन जबडे, मागं मोटर, आणि वायरीच्या टोकाला जमिनीवर ठेवायचं एक पायदान. पायदान जितकं दाबाल तितकी तबकडी जोरात फिरणार. म्हणजे आता पाईपच फिरणार आणि वेल्डर स्टुलावर बसून राहणार. मायनं तिला पहिल्याच दिवशी हळदकुंकू लावलं आणि "फिरकी" असं नाव ठेवून टाकलं.

अण्णा म्हणाले, "नाग्या, बस."

मी बसलो. चार माणसांसमोर बसलो, ही चूक झाली. पाईप फिरायला लागला, मी ठिणगी पाडली, आणि माझा हात सवयीनं पाईपभोवती निघाला. इतकी वर्षं हातानंच जायचं होतं ना. पाईप माझ्याकडं येतोय आणि मी त्याच्याकडं जातोय, असं दोन्हीकडून पळाल्यावर वितळलेला धातू धरायला थाराच राहिना. सांधा कुठं दोऱ्यासारखा बारीक, कुठं गाठ. हात रोखून धरायचं ठरवलं तर पाय बिघडायचा. मी पायदान दाबायचो ते ट्रॅक्टरचा ब्रेक दाबल्यासारखं. पाईप गपकन फिरायचा, मी घाबरून पाय उचलायचो, पाईप थांबायचा आणि थांबल्या जागी भोक पडायचं. टॉर्चचं टोक धातूत बुडायचं, ते काढून परत घासायचं, परत बसायचं. कोपऱ्यात भोकं पडलेल्या तुकड्यांचा ढीग वाढत चालला. अण्णा एकदाच म्हणाले, "पायप येऊ दे की तुझ्याकडं. तू कशाला उठून चाललास त्याला आणायला?"

आज वर्कशॉपमध्ये पोरांना शिकवताना मी हेच वाक्य वापरतो. त्यांना ते लगेच कळतं, कारण ती पोरं थेट पोझिशनरवरच शिकतात, आपोआप काळी होणारी काच डोक्यावर, कानात गाणी. त्यांच्या हाताला पळायची खोड लागलेलीच नसते. मला त्यांचाही थोडा राग येतो.

दोनेक आठवडे असे गेले. डेअरीवरून निरोप आला की साहेब येत्या आठवड्यात कळंबला येणार आहेत, नमुने तयार ठेवा. त्या दिवशी मंगल चहा घेऊन दुकानात आली आणि उभी राहिली. कपबशी हातात तशीच. मी सांधा बिघडवला, शिवी घातली, तोंडावरची काच वर केली, तरी ती उभीच.

"काय बघायलीस?" मी म्हणालो.

"दादा, तू पाय अख्खा टाकायलास त्याच्यावर," ती म्हणाली. "टाच खाली टेकव. नुस्ता चवडा हलव. शिवायच्या मशीनवर असा पाय टाकला तर सुई मोडंल की."

मी म्हणालो, "हे पोलकं न्हाय."

अण्णांनी मात्र कपबशी तिच्या हातातून घेतली. तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि स्टूल पायानं सरकवलं. "मंगे, तू पायदानावर बस," ते म्हणाले. "पाय तुझा, हात त्याचा. बघू."

ही जगातली सगळ्यात अवघड बैठक. ती माझ्या शेजारी, जुनी काच हातात धरून, चप्पल काढून, अनवाणी चवडा पायदानावर ठेवून बसली. मी ठिणगी पाडली. पाईप हलला की नाही हे कळायच्या आत तो फिरायला लागला होता, इतका सावकाश. माझा हात पळायला निघाला की ती पाईपचा वेग तेवढाच कमी करायची; हात अडखळला की थांबायची, पण एकदम नाही, शिवण वळवताना थांबतात तसं. मला बोलायला काही लागलंच नाही. ती माझ्या हाताकडं बघत होती आणि माझी चूक होण्याआधी तिच्या पायाला कळत होती. सांधा पुरा झाला. अण्णांनी तो गार होऊ दिला, उभा चिरला आणि आतून बोट फिरवलं. त्यांना हसू आलं. अण्णांच्या तोंडावर हसू म्हणजे घरात सणच. "बेस," ते म्हणाले. त्यांचं तोंड मात्र पायदानाकडं होतं.

तो माझा "हं"च्या पुढचा शब्द होता. तो तिला गेला. मी उठून हौदावर गेलो आणि उगीचच तोंड धूत राहिलो.

पुढचं व्हायचं ते झालंच. दोन दिवस पाय तिचा आणि हात माझा असं चाललं. तिसऱ्या दिवशी मंगल अण्णांना म्हणाली, "अण्णा, म्या टॉर्च बी धरून बघू का? दादाच्या हाताची लई वाट बघावी लागतीय." अगदी साधेपणानं म्हणाली, टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. अण्णांनी माझ्या हातातून टॉर्च घेतला. पहिले तिचे सांधे वाकडेतिकडेच आले, हे मी इथं मुद्दाम नोंदवून ठेवतो. पण तिचा हात मुळात पळतच नव्हता. शिवताना कापड सुईखाली येतं, हात फक्त त्याला वाट दाखवतात, हे तिच्या अंगात लहानपणापासून होतं. एका हातानं टॉर्च स्थिर, दुसऱ्या हातानं तार, टिपेवर टीप पडावी तसा एकावर एक पदर, मासोळीच्या खवल्यांसारखा सारखा. आठवड्याच्या शेवटी तिचे सांधे बघितले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते चांगले होते. वाईट असते तर मी तिच्यावर किती माया केली असती!

घरातलंही सगळं हळूच सरकलं. माय तोवर साईचं दही आधी मला वाढायची. आता "पोरीचे डोळे जळायल्यात" म्हणून साय मंगलच्या ताटात, रात्री काकडीच्या चकत्या मंगलच्या डोळ्यांवर. माझे डोळे इतकी वर्षं जळत होते तेव्हा काकडीची कोशिंबीरच होत होती. शिलाई मशीनवर चादर पडली. बोळकांडीतला तो आवाज बंद झाल्यावर मला पहिल्यांदा कळलं की तो दिवसभर असायचा. मी बाहेरच्या कामाला लागलो: गेटं, खिडक्यांचे गज, ट्रॉल्यांचे दांडे. गजाला वेल्डिंग करताना आतून फिरकीची घरघर यायची आणि ती मध्येच थांबली की मी मनात म्हणायचो, पडलं भोक. पडलेलं नसायचं.

साहेब आले. शांत, सभ्य माणूस, बोलणं पुस्तकातलं. अण्णांनी मंगलला आत पाठवलं आणि मला काच डोक्यावर चढवून पोझिशनरशेजारी उभं केलं. आदल्या रात्री जेवताना सांगून ठेवलं होतं, "पोरीचं काम हाय म्हणलं की सायेब हरेक सांधा दहांदा उलटून बघंल. उगं काय बोलू नका." मंगल मान खाली घालून भाकरी कुस्करत होती. मला त्या वेळी वाटलं, चला, एवढं तरी झालं.

साहेबांनी खिशातून कापसाचा बोळा काढला. चिरलेल्या पाईपच्या आतून, सांध्यावरून, तो हळूहळू ओढला. खडबड असेल तर कापसाचा तंतू अडकतो. उलटा ओढला. मग उजेडात धरून बघितलं. एकही तंतू अडकला नव्हता. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "फार साफ हात आहे हो तुमचा. असं काम पुण्यातसुद्धा लवकर मिळत नाही."

मी "व्हय साहेब" म्हणालो. दुसऱ्याच्या ताटातलं पक्वान्न आपल्या तोंडात कोंबलं तर त्याची चव कशी लागते ते मला त्या दिवशी कळलं. कौतुक ऐकायला मी आसुसलेला होतो, आणि आलं ते तिचं आलं. पत्र्याच्या पलीकडं सगळं ऐकू जात होतं. तिकडं भांडं वाजलं नाही की बांगडी वाजली नाही.

काम मिळालं. सगळे तुकडे, वळणं, फाटे मंगलनं फिरकीवर बसून केले. दिवसभर, कितीतरी आठवडे. ते टेम्पोत भरून अण्णा आणि मी भूमकडं गेलो. तुकडे तिथं आट्यांच्या जोडांनी एकमेकांना जोडायचे होते, तसे ते जोडतही गेले. पण वर, छताजवळ, मोठ्या टाकीच्या मागं एक जागा अशी आली की तिथं जोड बसेना. दोन पाईप तोंडाला तोंड लावून उभे, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला टाकी, मध्ये एक हात कसाबसा जाईल एवढी फट. तो सांधा जागेवरच करावा लागणार होता. तिथं फिरकी काय करणार? तिथं पाईप फिरत नाही.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी आरसा काढला.

त्या सांध्याबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे, वाचणाऱ्यानं सोसावं. लाइनच्या दुसऱ्या टोकातून आत आर्गन सोडला. परांचीवर आडवा पडून डोकं भिंत आणि टाकीच्या मध्ये घातलं. पुढची बाजू डोळ्यानं, मागची आरशातून. आरशात टॉर्च उजवीकडं न्यायचा म्हणजे खरा डावीकडं. श्वास धरून थोडं जायचं, थांबायचं, मान काढायची, घाम पुसायचा, परत घालायची. मनगट वळेना तिथं बोटांनी टॉर्च फिरवला. सगळा सांधा एका रांगेत आला. कुठं गाठ नाही, कुठं दोरा नाही. माझ्या आयुष्यात मी त्याहून चांगला सांधा केला नाही आणि आता गुडघे आणि डोळे बघता करणारही नाही. खाली उतरलो तेव्हा अण्णा शिडी धरून उभे होते. त्यांनी मान वर करून बघितलं, पण इतक्या लांबचं सांध्यातलं बारीक त्यांना त्या उजेडात काय दिसणार? "हं," म्हणाले. मला वाटलं, परांची पाडून टाकावी.

दूध सुरू झालं. मी घरी आलो तर मंगल दारातच.

"दादा, कसं दिसतंय रं?"

"पायप दिसत्यात तसं."

"ओळीनं लागल्यावर चमकत्यात का? वळण कुठं बसलं, ते मोठं? फाटा सरळ आला का?"

मी जेवायला बसलो. ती समोर बसून विचारत राहिली. शेवटी म्हणाली, "मला ने एकदा."

अण्णा नाही म्हणणार हे उघड होतं. पण सणाला खव्याच्या पोळ्या करायच्या होत्या, आणि खवा भूमचाच चांगला म्हणून मायनं आम्हाला दोघांना पाठवलं. एसटीत ती खिडकीला बसली होती, नवी साडी नेसून. आपल्याला कुणी ओळखायचं नाही अशा ठिकाणी माणूस कशाला एवढं नटतं, असं मला वाटलं.

डेअरीत साहेब नव्हते, शिपायानं माझ्यामुळं आत सोडलं. मंगल पाईपांच्या खालून चालायला लागली. मी मागं. ती एकेका सांध्यापाशी थांबायची, हात वर करून दोन बोटं लावायची. "ह्यो त्या दिवशीचा, लाइट गेली होती मधीच." "ह्यो मायला ताप होता तेव्हाचा." सगळे तिला ओळखू येत होते. आतून दूध वाहत होतं, पाईप गार होते, आणि ती पोर तोंड उघडं टाकून वर बघत होती. फिरत फिरत टाकीपाशी आली आणि थबकली. मान मागं टाकून, एक पाय पुढं, एक मागं करून, फटीतून जेवढं दिसेल तेवढं बघत राहिली. खूप वेळ.

"ह्यो कुणाचा?"

"माझा."

"हितं हात कसा गेला?"

"गेला."

"मागचं दिसलं कसं?"

"आरशात."

ती परत बघत राहिली. मग म्हणाली, "मला न्हाय जमायचं ह्ये. जन्मात न्हाय." तिचा आवाज कोरडा होता. मला तो आवाज ओळखीचा वाटला, पण कुठला ते ध्यानात येईना.

तेवढ्यात साहेब आले. त्यांना वाटलं, भाऊ बहिणीला काम दाखवायला घेऊन आलाय. ते खुलले. हात फिरवून सगळी लाइन दाखवत मंगलला म्हणाले, "बघितलंत ना? हे सगळं तुमच्या भावानं केलंय. पहिल्या सांध्यापासून तो टाकीमागच्या सांध्यापर्यंत. एका हाताचं काम आहे, कुठं फरक म्हणून दिसत नाही. अभिमान वाटायला पाहिजे तुम्हाला."

"व्हय," मंगल म्हणाली.

तिनं खालचा ओठ आत ओढून घेतला होता आणि नजर पाईपावर ठेवली होती. तेव्हा मला तो आवाज ओळखू आला. तो माझाच होता. गजांना वेल्डिंग करताना, साय दुसरीकडं जाताना, हौदावर तोंड धुताना मी ज्या तोंडानं वावरलो होतो, तेच तोंड आता तिला लागलं होतं. मला वाईट वाटलं असं मी म्हणायला हवं. मला बरं वाटलं. पहिल्यांदा बरंच वाटलं. ती माझ्या हाताचा हेवा करत होती! म्हणजे माझ्या हातात हेवा करण्यासारखं काहीतरी होतं.

पण साहेबांचं ते "एका हाताचं काम" कानात खुपायला लागलं. कुठं फरक दिसत नाही म्हणे. त्यांनी माझा टाकीमागचा सांधा उचलून तिच्या सांध्यांच्या ढिगात टाकला होता. ते सगळे माझ्या नावावर होते तोवर माझा स्वतःचा एकही वेगळा निघत नव्हता. तिचे तिला परत दिल्याशिवाय माझा मला मिळणार नव्हता. अण्णांनी बजावलेलं होतं, काम पुरं झालेलं होतं, दूध वाहत होतं, आणि मी बोललो.

"साहेब, हे सगळे सांधे हिचे. मंगलचे. मशीनवर ती बसती. माझा फक्त तो एक, टाकीमागचा."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मंगलच्या नव्या साडीकडं बघितलं, आणि मोठ्यानं हसले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "भाऊ असावा तर असा! बहिणीचं मन राखायला काय काय बोलतो बघा." मी परत सांगितलं. ते परत हसले आणि आम्हाला दोघांना पेढे मागवले.

मंगलनं पेढा खाल्ला नाही, रुमालात बांधून घेतला. खवा घेऊन आम्ही स्टँडवर आलो. एसटी यायला वेळ होता. बाकड्यावर बसल्यावर ती म्हणाली, "दादा, सांगितलंस ते बरं केलंस."

"त्यांनी कुठं धरलं खरं?"

"न्हाय धरलं. पण मला ऐकाय मिळालं." मांडीवरचा खव्याचा डबा तिनं या हातातून त्या हातात घेतला. "पण एवढे सगळे माझे म्हणून सांगितलेस, तर त्यो टाकीमागचा बी माझाच म्हणायचं होतंस की. नाहीतरी त्यांना काय पटणार नव्हतं. तेवढाच एक मागं ठेवलास."

मी तिच्याकडं बघितलं. ती चेष्टा करत नव्हती. तिला तो खरोखरच हवा होता.

"त्यो न्हाय मिळायचा, मंगे," मी म्हणालो.

मंगलचं आता लोहाऱ्याला स्वतःचं वर्कशॉप आहे, माझ्यापेक्षा मोठं. दारावर तिच्या नावाची पाटी आहे, हाताखाली माणसं आहेत, पोझिशनर नवा कोरा आहे. भाऊबीजेला जातो तेव्हा ती ओवाळते, ताटात मी काय टाकतो ते न बघता विचारते, "दादा, त्यो टाकीमागचा देतूस का आता?" घरातली सगळी हसतात. मी नाही म्हणतो.